जुना फोन, बसलेली बॅटरी: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा फोन २०१४ सालचा आहे. साडेचार इंची पडदा, १ जीबी रॅम, २०७० एमएएचची बॅटरी (एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). तो पर्समधून बाहेर काढला की ऑफिसच्या कँटीनमध्ये, पुण्यातल्या पीएमपी बसच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी बोलतंच. ही चेष्टा मला मनापासून आवडते. तिच्या पोटात बहुतेक वेळा बॅटरीबद्दलचा खरा प्रश्न असतो, आणि चेष्टा करणाऱ्याच्या घरीही ड्रॉवरमध्ये असाच एक फोन पडून असतो. हे ते प्रश्न, मला ज्या शब्दांत विचारले गेले त्याच शब्दांत.

“हा शनिवारवाड्याच्या खोदकामात सापडला का गं?”

मी तो नवा घेतला होता, स्वतःच्या पगारातून. याच प्रश्नाची भावंडं म्हणजे “पानशेतचा पूर पाहिलाय का याने?” आणि “याला ज्येष्ठ नागरिकांचा पास काढून दे.” पानशेत फुटलं १९६१ साली, पण फोनच्या दुनियेत दहा-बारा वर्षं म्हणजे तितकाच जुना काळ, हे मला मान्य आहे. मी फोन घेतला तेव्हा ३जी म्हणजे चैन होती. ४जी खऱ्या अर्थाने सगळ्यांच्या खिशात आलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर.

पण आज या फोनचं बिघडलंय काय? पडदा स्वच्छ दिसतो. गजर वाजतो. हेडफोन लावला की एफएम लागतो. प्रोसेसर चालून चालून दमत नाही. त्यात मुख्यतः झिजते ती एकच वस्तू, बॅटरी, आणि ती झिजणार हे कारखान्यातून बाहेर पडतानाच ठरलेलं असतं. कुकरची रिंग सैल झाली, शिट्टी नीट होईना, म्हणून कुणी कुकर भंगारात टाकत नाही. बोहरी आळीत जाऊन नवी रिंग आणतो. फोनच्या बाबतीत मात्र रिंग सैल झाली की आपण कुकर बदलतो.

“आमचा नोकिया आठ-आठ दिवस चालायचा. तुझ्या या स्मार्टफोनला काय धाड भरली?”

हा प्रश्न काका-मावश्यांचा, आणि माझा सगळ्यात आवडता.

आजी नारायण पेठेतल्या वाड्यात राहायची तेव्हा तिच्याकडे नोकिया ११०० होता. तो २००३ साली आला आणि जगभर २५ कोटींवर खपला. वाड्याचा जिना दिवसासुद्धा अंधारा. आजी फोनवर बोलायची त्याच्यापेक्षा त्याच्या टॉर्चवर जास्त विसंबून असायची. चार्जर लागायचा रविवारी, देवपूजा आटोपली की, आणि मग पुढच्या शनिवारपर्यंत त्याची आठवणही यायची नाही. म्हणून सगळ्यांना वाटतं की तेव्हाच्या बॅटऱ्या दणकट होत्या.

बॅटरी दणकट नव्हती, फोन अल्पाहारी होता. ११०० मधली बॅटरी होती बीएल-५सी, ८५० एमएएचची, म्हणजे माझ्या फोनच्या निम्म्याहून लहान. नुसता चालू ठेवला तर हा फोन ४०० तासांपर्यंत टिकतो असं कंपनी सांगायची. ८५० ला ४०० ने भागा. तासाला २ एमएएचपेक्षा किंचित जास्त. आता आजचा ५००० एमएएचचा फोन घ्या, जो आपल्या हातात दीड दिवस टिकतो. ५००० भागिले ३६, म्हणजे तासाला जवळजवळ १४०. पासष्टपटीच्या आसपास खाणं. तुलना अगदी काट्यावरची नाही, कारण आजचा फोन आपण दिवसभर हाताळतो आणि तो आकडा नुसत्या पडून असलेल्या नोकियाचा आहे. पण फरक कुठे आहे ते यातून दिसतं. आजीच्या फोनला रंगीत पडदा नव्हता, इंटरनेट नव्हतं, जागेचा ठावठिकाणा घेणारं जीपीएस नव्हतं, दर मिनिटाला सर्व्हरला “काही निरोप?” म्हणून विचारणारी चाळीस अ‍ॅप्स नव्हती. घंटा वाजेपर्यंत तो अक्षरशः झोपलेला असायचा.

बॅटऱ्या तेव्हापेक्षा आज कितीतरी सरस आहेत. आपण त्यांच्यावर लादलेलं ओझं त्याहून वेगाने वाढलं, एवढंच.

“एकतीस टक्क्यांवर मान टाकतो? फोन खोटं बोलतो का?”

खोटं बोलत नाही, त्याचा अंदाज चुकतो. कारण समजलं की जुन्या फोनवरचा निम्मा राग जातो, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

टक्के मोजायला बॅटरीत पाण्याच्या टाकीसारखी पातळी नसते. फोन व्होल्टेज पाहतो, किती करंट आत गेला आणि किती बाहेर पडला याचा हिशेब ठेवतो, आणि त्यावरून आकडा काढतो. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४.२ व्होल्टच्या आसपास असते (नव्या फोनांत थोडी वर), सरासरी ३.७, आणि एका ठरावीक पातळीखाली गेली की फोन स्वतःला बंद करून घेतो. आता बॅटरीच्या आत काय चालतं पाहा. चार्ज करताना लिथियमचे आयन (विद्युतभारित कण) ग्राफाइटच्या, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातल्या कार्बनच्या, थरात जाऊन बसतात, वापरताना परत फिरतात. दर फेरीत थोडे आयन ग्राफाइटवर साचणाऱ्या पापुद्र्यात अडकून पडतात आणि कायमचे कामातून जातात. मावणारा चार्ज कमी होतो तो यामुळे. याच काळात आतला विरोधही वाढतो, जुन्या नळाच्या पाइपात क्षार धरावा तसा. टाकीत पाणी असतं, पण नळाला जोर येत नाही.

म्हणून शांतपणे मेसेज वाचताना फोन ३१ टक्के दाखवतो आणि कॅमेरा उघडला, फ्लॅश मारला की धाप्पकन बंद पडतो. एकदम जास्त करंट मागितला, जुन्या बॅटरीचं व्होल्टेज त्या क्षणी कोसळलं, फोनला वाटलं संपली. पाच मिनिटांनी चालू करा, पुन्हा २८ टक्के. डिसेंबरातल्या पहाटे सिंहगडावर हे आणखी लवकर होतं, कारण थंडीत हा विरोध अजून वाढतो. खिशात, अंगाच्या उबेला ठेवलेला फोन जास्त टिकतो.

हे फक्त माझ्या फोनचं दुखणं नाही. जुन्या बॅटरीमुळे फोन असे अचानक बंद पडू नयेत म्हणून आपण काही आयफोनांचा वेग कमी करत होतो, असं खुद्द ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. ग्राहक संतापले, आणि कंपनीने अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपला फोन म्हातारा झालेला नाही, नुसती बॅटरी बदलायची आहे.

“पूर्ण उतरवून मगच चार्ज करायची ना? आमचे बाबा तसंच सांगतात.”

बाबांचं चूक नाही. त्यांनी शिकलेला नियम निकेलच्या बॅटऱ्यांचा. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० ची मूळ बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची होती, आणि त्याआधीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना अर्धवट चार्ज करायची सवय लावली की त्या तेवढ्याच उरायच्या. लिथियमला हा रोग नाही. उलट तिला शून्यावर नेणंही सोसत नाही आणि तासन् तास शंभरावर टांगून ठेवणंही. वीस ते ऐंशीच्या मध्ये ठेवलीत तर ती तुमचे उपकार मानेल. रात्रभर चार्जिंगला लावल्याने बॅटरी “ओव्हरचार्ज” होत नाही, फोन आपणहून पुरवठा थांबवतो. पण उशीखाली तापत पडलेला, रात्रभर शंभर टक्क्यांवर असलेला फोन लवकर झिजतो, हे खरं.

साधारण ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर बॅटरी मूळच्या ८० टक्क्यांवर येते, असं पुष्कळ उत्पादक धरून चालतात. आज पन्नास टक्के वापरली, उद्या पन्नास, तर ती एक फेरी.

“फ्रीजमध्ये ठेवली तर सुधारते म्हणे?”

नाही. बाहेर काढल्यावर दव धरतं आणि उरलेला फोनही जातो.

“मॅडम, याला आता पेन्शन द्या.”

ऑफिसातला एक मुलगा हे दर सोमवारी म्हणतो, आणि त्याला मी शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांची गोष्ट सांगितली आहे. लिथियम बॅटरीत कोबाल्ट ऑक्साइड वापरायची वाट त्यांनी १९८० मध्ये दाखवली. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. आणि या कामासाठी स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्यासोबत गुडइनफ यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते २०१९ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी. इतक्या वयात नोबेल मिळालेलं दुसरं कोणी नाही. तोवर ते संशोधन करतच होते.

“उन्हाळ्यात याचं काय होतं?”

बॅटरी मरते ती बहुतेक उष्णतेने. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. अशा वेळी गाडीच्या हँडलला लावलेल्या होल्डरमध्ये, नकाशा चालू, पडदा पूर्ण उजेडावर आणि चार्जिंगही चालू असा फोन कोथरूडहून हडपसरला नेला, तर एका फेरीत त्याच्यावर तीन बाजूंनी मारा होतो. चार्जिंग तरी बंद ठेवा. आणि उभ्या कारच्या डॅशबोर्डवर फोन कधीच सोडू नका, नवा असो की जुना.

फोन काही महिने वापरायचा नसेल तर साधारण अर्धा चार्ज करून, बंद करून, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. रिकामा ठेवलेला फोन वर्षभराने जागा होईलच असं नाही.

“विसर्जनाला पुरतो का? वारीला पुरतो का?”

विसर्जनाला माझा फोन पुरत नाही, आणि आजचा नवाही मेटाकुटीला येतो. मिरवणूक मंडईतून निघते, लक्ष्मी रस्त्याने अलका चौकापर्यंत जाते आणि चोवीस तासांच्या पुढे चालते. ढोल-ताशा पथकात होते तेव्हा मला वाटायचं की बॅटरी व्हिडिओ काढून संपते. खरं तर ती संपते नेटवर्क शोधण्यात. एकाच चौकात हजारो फोन, टॉवरवर ताण, मध्ये इमारती आणि माणसं. सिग्नल क्षीण झाला की फोन आपला आवाज चढवतो. २जीवर तर फोन क्षणभर २ वॉटपर्यंत जोराने बोलू शकतो. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये किंवा घाटात फोन गरम लागतो त्याचंही हेच कारण. उपाय सोपा आहे. भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा, आणि मधल्या काळात फ्लाइट मोड लावा. कसब्याच्या गणपतीचं दर्शन घेताना लावलेला फ्लाइट मोड संध्याकाळी घरी पोचवतो.

वारीचं वेगळं. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठ भागात मंडळं टेबल टाकून मोबाइल चार्जिंगची सोय करतात. दोन वर्षं मी अशा एका टेबलावर बसले आहे. फळीवर स्क्रूने बसवलेले दहा-बारा एक्स्टेन्शन बोर्ड, प्रत्येक फोनवर चिकटपट्टी, तिच्यावर नाव आणि दिंडीचा नंबर. निम्म्याहून जास्त फोन बटणांचे होते. येणारी माणसं फोन पुढे करून फक्त एवढंच सांगायची, “ताई, जाड पिन” किंवा “माउली, बारीक पिन.” जाड पिन म्हणजे जुन्या नोकियाची, बारीक म्हणजे नंतरच्या. ज्यांच्याकडे स्मार्टफोन होता ते रोज येत. बटणवाले पुण्यात एकदा यायचे आणि दिवेघाट चढून जेजुरी गाठेपर्यंत त्यांची सोय झालेली असायची. एका आजींच्या फोनच्या मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं होतं. गावाकडे नातवाला रोज रात्री एक फोन करायचा, एवढंच काम. तिथे कुणी कुणाच्या फोनला हसताना मी पाहिलं नाही.

“शेपूट लावूनच हिंडायचं का?”

पॉवर बँकेची वायर म्हणजे शेपूट. हो, लांबच्या प्रवासात लावते. इथे एक हिशेब सांगायलाच हवा, कारण दुकानदाराशी यावरून भांडणारे लोक मी पाहिलेत. १०,००० एमएएचची पॉवर बँक फोनला १०,००० देत नाही. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्टने द्यायचं तर ७४०० होतात, आणि वाटेतली गळती वजा जाता सहा-साडेसहा हजार हाती लागतात. फसवणूक नाही, रूपांतर आहे. विमानात ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते.

“लाइट बिल किती येत असेल याचं, सारखा तर प्लगला!”

२०७० एमएएच म्हणजे सुमारे ८ वॉट-तास. गळती धरून १०. रोज शून्यापासून पूर्ण भरला तरी वर्षाला पावणेचार युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला चाळीस रुपयांच्या आत.

“बॅटरी बदलायची कुठे, आणि फसायचं नाही कसं?”

बुधवार पेठेत. पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत दुकानांची दाटी आहे. जाताना फोनचा मॉडेल नंबर आणि जमलं तर जुन्या बॅटरीवर छापलेला नंबर लिहून न्या, नुसतं कंपनीचं नाव सांगून भागत नाही.

मी एकदा फसले, म्हणून हे कळकळीने सांगते. एका दुकानात मला त्याच मापाची “३००० एमएएचची ओरिजिनल” मिळाली. मूळ बॅटरी २०७० ची, जागा तेवढीच, जाडी तेवढीच. त्याच जागेत दीडपट वीज मावली असती तर मूळ कंपनीनेच नसती का घातली? मला तेव्हा हा प्रश्न सुचला नाही. तीन महिन्यांत ती जुनीपेक्षा वाईट चालायला लागली. आकडा मूळच्यापेक्षा फार मोठा दिसला की ती बॅटरी घेऊ नका.

दुसरी गोष्ट उत्पादनाच्या तारखेची. बॅटरी न वापरताही म्हातारी होते. कपाटात सहा वर्षं पडलेली अस्सल “ओरिजिनल” बॅटरी ही सहा वर्षं जुनीच बॅटरी असते. तारीख पाहा, अलीकडे बनलेली मागा, आणि समोर बसवून घ्या. माझ्या फोनचं मागचं झाकण निघतं, पण आतली बॅटरी स्क्रू आणि चिकटपट्टीने धरलेली आहे. घरी उचकटायला जाऊ नका, लोखंडी पातं आत घुसलं तर पेटते. दुसऱ्यांदा मी ज्यांच्याकडे गेले त्यांनी वीस मिनिटांत बदलून दिली, जुनी परत घेतली, आणि बोहनीच्या वेळी आले म्हणून चहाही पाजला. तेव्हापासून फोन पुन्हा सकाळपासून रात्रीपर्यंत टिकतो.

युरोपीय संघाने तर कायदाच केला आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतल्या बॅटऱ्या, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत. आजीला हे नवल वाटलं असतं. तिच्या फोनची बॅटरी नखाने निघायची.

“झाकण वर आलंय, पडदा उचलल्यासारखा दिसतो. चालेल का अजून थोडे दिवस?”

नाही. एक दिवसही नाही. बॅटरी फुगली आहे, आत वायू धरला आहे. चार्जिंगला लावू नका, दाबून झाकण बसवू नका, टोचू नका. फोन बंद करून, जळण्यासारख्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि लवकरात लवकर दुरुस्तीवाल्याकडे न्या. जुन्या फोनवर माझं कितीही प्रेम असलं तरी इथे मी कुणाचं ऐकत नाही. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला होता तेव्हा घरोघरी लोक फोन उघडून बॅटरीवरचा नंबर पाहत होते. २०१६ मध्ये तर सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ हा अख्खा फोनच मागे घ्यावा लागला.

काढलेली बॅटरी सुक्या कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. ती कचऱ्याच्या गाडीत चेपली जाते आणि आग लागते, आणि त्या गाडीपाशी माणसं हाताने काम करत असतात. “स्वच्छ” संस्थेच्या कचरावेचक ताई तुमच्या सोसायटीत येत असतील तर ई-कचऱ्याबद्दल त्यांना विचारा. बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळी द्या.

“व्हॉट्सअ‍ॅप चालतं? पैसे पाठवता येतात?”

व्हॉट्सअ‍ॅप चालतं, हळू. ऑक्टोबर २०२३ पासून त्याला अँड्रॉइड ५ किंवा त्यापुढचं लागतं, आणि माझा फोन ५.१ वर आहे. अँड्रॉइड ५ च्या आधीच्या आवृत्तीवर अडकलेल्या फोनांवर ते बंद झालं.

पैशांचे व्यवहार मी यावर करत नाही, आणि कुणीही करू नयेत. सुरक्षेची अपडेट्स येणं कधीचं थांबलं आहे. बॅटरी बदलता येते, हे बदलता येत नाही. बँकेचं काम घरातल्या दुसऱ्या फोनवर. शिवाय खासगी कंपन्यांनी ३जी बंद केल्यामुळे घरचं वाय-फाय सुटलं की माझ्याकडे २जी उरतं. बोलता येतं, नकाशा उघडत नाही. जिओचं सिम यात चालत नाही, कारण त्यांचे कॉल ४जीवरून जातात. हे सगळं मी आधीच सांगते, कारण माझं ऐकून जुना फोन बाहेर काढणाऱ्याला नंतर माझा राग येऊ नये.

“तुझ्याकडे ती जुन्या पिनेची वायर आहे का गं?”

हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत वाढला आहे, आणि विचारणारे बहुतेक तेच, खोदकामवाले. कुणाच्या आईचा फोन, कुणाचा जुना कॅमेरा, कुणाचा ब्लूटूथ स्पीकर. आहे. मायक्रो यूएसबीच्या तीन वायरी, एक जाड पिन, एक बारीक पिन. जिन्याखालच्या बिस्किटांच्या डब्यात असतात. घेऊन जा, वाटेल तितके दिवस ठेवा, फक्त जाड पिन परत आणा. ती आजीची आहे.